राजघराण्यांचे दागिने बघायला निघालेल्या नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

दिवाळीची सुट्टी किंवा मे महिना तोंडावर आला की हे प्रश्न हमखास येतात. गाडीचं तिकीट काढण्याआधी निदान पहिले चार वाचून घ्या. बाकीचे प्रवासात वाचले तरी चालतील.

नागपुरातच असं काही बघायला मिळतं का?

राजघराण्याचं जडजवाहीर मांडलेलं दालन नागपुरात नाही. पण सुरुवात इथूनच करावी. सिव्हिल लाइन्समधलं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालचा आहे आणि सोमवारी बंद असतो. बालाघाट जिल्ह्यातल्या गुंगेरियाला १८७० मध्ये तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ तुकडे एकाच खड्ड्यात सापडले होते. चांदीत काही नुसत्या चकत्या, काही बैलाच्या तोंडाच्या आकाराचे पत्रे. हा साठा पुढे निरनिराळ्या संग्रहालयांत वाटला गेला आणि त्यातला काही भाग नागपूरच्या वाट्याला आला.

दुसरं ठिकाण काटोल रोडच्या अंगाला, माहुरझरी. शिळावर्तुळांचं, म्हणजे दगडांच्या वर्तुळातल्या प्राचीन दफनांचं गाव. पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला इथे उत्खनन झालं. अकीक, कार्नेलियन (तांबूस अकीक), स्फटिक असल्या दगडांचे मणी घडवण्याचं हे मोठं केंद्र होतं. तिथे शोकेस वगैरे काही नाही, आणि शेतात एखादा मणी उघडा पडलेला दिसला तरी तो उचलायचा नाही, तो कायद्याने पुरावशेष आहे. पण मण्याचं भोक बघायची सवय डोळ्यांना इथे लागते. दोन्ही टोकांकडून पाडलेली भोकं मध्ये जिथे भेटतात तिथे बारीकशी पायरी राहते. हाताने भोक पाडल्याची ती खूण. पुढे दिल्लीत ही सवय कामाला येते.

मग भोसल्यांचे दागिने गेले कुठे?

तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले. औरस वारस नाही म्हणून डलहौसीने राज्य खालसा केलं. त्यानंतर राजवाड्यातली हत्ती-घोडे-बैलांसकट चीजवस्तू लिलावात निघाली आणि जवाहीर कलकत्त्याला नेऊन विकलं गेलं. लिलावात गेलेला दागिना सहसा दागिना म्हणून टिकत नाही. सोनं वितळतं, खडे सुटतात आणि दुसऱ्या कोंदणात बसतात. म्हणून ‘भोसल्यांचा हार’ सांगून कुणी काही दाखवलं तर आधी कागद मागा.

अलीकडे एक वस्तू मात्र परत आली. रघूजी भोसल्यांच्या नावाची तलवार राज्य सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं युरोपीय घडणीचं, म्हणजे फिरंग, आणि त्यावर सोन्यात देवनागरी अक्षरं. तो दागिना नव्हे, पण नागपूरच्या दरबारी सोनेकामाचा नमुना म्हणून ती जिथे मांडलेली असेल तिथे जाऊन बघण्यासारखीच आहे.

हैदराबादला गेलं की निजामाचे दागिने दिसतात ना?

नाही. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. भारत सरकारने १९९५ मध्ये निजामाच्या ट्रस्टकडून १७३ नग सुमारे २१८ कोटी रुपयांना विकत घेतले. ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीत असतात आणि क्वचितच बाहेर येतात. २००१ मध्ये आले, २००६ मध्ये हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात आले, २०१९ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आले. त्या वेळी फेब्रुवारीत मांडलेलं प्रदर्शन मे उजाडल्यावर उठलं. म्हणजे एकदा जाहीर झालं की हाताशी काही आठवडे असतात, घाई नको. संग्रहालयाने स्वतः जाहीर करेपर्यंत व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोंवर विसंबून तिकीट काढू नका. त्यातले बरेच २०१९ चेच असतात.

प्रदर्शन पुन्हा भरलंच तर रांगेत उभं राहण्याआधी तीन नग मनात पक्के करा. जेकब हिरा, १८४.७५ कॅरेट. बसरा मोत्यांचा सातलडा, ४६५ मोती. आणि पाचूंचे नग, कोणतेही. जेकबला सर्रास गोवळकोंड्याचा म्हणतात, पण तो दक्षिण आफ्रिकेतला आहे. सहाव्या निजामाने तो घेतला आणि त्यापायी कोर्टकचेरी झाली. सातव्याला तो वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला आणि त्याने त्याचा पेपरवेट केला, ही गोष्ट तर तिथला प्रत्येक गाइड सांगतोच.

तर मग हैदराबादला जायचं कशाला, आणि कोणत्या वारी?

शुक्रवार सोडून कोणत्याही वारी. सालारजंग, चौमहल्ला आणि पुरानी हवेलीतलं निजाम संग्रहालय, तिन्ही शुक्रवारी बंद. गुरुवारी रात्री नागपूर सोडलं, शुक्रवारी सकाळी सिकंदराबादला उतरलो आणि दिवसभर चारमिनारभोवती फिरत बसलो, हा प्रकार दर सुट्टीत घडतो. वंदे भारतने सात-सव्वासात तासांत दुपारी पोचता येतं. पण सालारजंग पाचला बंद होतं, म्हणून त्या दिवशी चौमहल्ला करा आणि सालारजंग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गाठा.

सालारजंगमध्ये झाकलेल्या चेहऱ्याच्या रिबेकाच्या पुतळ्यापुढे सगळी गर्दी असते. जेडच्या दालनात मात्र बऱ्यापैकी निवांत असतं. जहांगीरचा खंजीर आणि नूरजहानची फळं कापायची सुरी तिथे आहेत. जेडसारख्या चिवट दगडात चर कोरून त्यात सोन्याची तार आणि खडे कसे बसवले, हे इतक्या जवळून दाखवणाऱ्या जागा देशात फार नाहीत. पुरानी हवेलीतल्या संग्रहालयातून सप्टेंबर २०१८ मध्ये रत्नजडित सोन्याचा डबा चोरीला गेला होता आणि काही दिवसांत सापडलाही. तेव्हा बॅग तपासताना रखवालदार दोन मिनिटं जास्त घेतो म्हणून वैतागू नका.

आणि दिल्ली?

एकाच ठिकाणी जायचं असेल तर आमचं मत दिल्लीलाच. राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पापासून संस्थानी काळापर्यंतचे दागिने ओळीने बघता येतात. सोमवारी बंद. नव्या संग्रहालयात स्थलांतराचं काम असल्याने निघण्याआधी फोन करून ‘अलंकार दालन चालू आहे का’ एवढं नेमकं विचारा. ‘म्युझियम चालू आहे का’ विचारलं की उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

तिथे दहा-दहा सेंटिमीटर लांबीच्या कार्नेलियन मण्यांचा हडप्पा काळातला कमरपट्टा शोधा. एवढ्या लांब, पेन्सिलीसारख्या मण्याला आरपार भोक पाडायचं म्हणजे तास-दोन तासांचं काम नाही, दिवसांचं आहे. फाळणीत अशा दागिन्यांचे अक्षरशः वाटे झाले. मोहेंजोदडोचा एक हार दोन तुकडे करून अर्धा इकडे, अर्धा तिकडे गेला.

किती वेळ धरावा?

फक्त दागिन्यांसाठी दीड तास. त्यापुढे डोळे थकतात आणि सगळंच सारखं दिसायला लागतं. मधल्या वारी, उघडल्या उघडल्या जा. अकरानंतर शाळांच्या सहली येतात.

एवढं नाव ऐकलं होतं, पण हिरे मळकट आणि निस्तेज दिसले. ते खरे होते का?

खरेच होते. आजचा हिरा ५७-५८ पैलू पाडून, आतून उजेड परतवून चमकवलेला असतो, आणि तसा पाडताना कच्च्या दगडाचं निम्मं वजन सहज जातं. आपल्याकडचा जवाहिऱ्या वजन सोडायला तयार नसे. दगड निसर्गाने दिला त्याच आकारात चपटा घासायचा, वरून एक सपाट टेबल, कडेला बारीक पैलू. ही पोलकी. तिच्यात स्वतःची चमक कमी असते म्हणून तिच्यामागे चांदीचा किंवा सोन्याचा पातळ चकचकीत वर्ख लावतात, त्याला डाक म्हणतात. उजेड दगडातून आत जातो, डाकेवर आपटून परत येतो. कुठून तरी हवा-ओल शिरली की डाक काळी पडते आणि वरचा हिरा करडा दिसतो. दगडाला काही झालेलं नसतं.

दुसरं कारण दिव्याचं. हे दागिने समईच्या आणि मशालीच्या हलत्या उजेडात, हलत्या माणसाच्या अंगावर बघायचे होते. शोकेसमधला एलईडी हलत नाही, दागिना हलत नाही. मग आपण हलायचं. काचेपासून हातभर लांब उभं राहून डोकं सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. एका ठराविक कोनात पोलकी एकदम दिव्यासारखी पेटते आणि लगेच विझते. समोर थांबून टक लावून बघणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

कोहिनूरचंही हेच झालं. जुन्या हिशोबाने १८६ कॅरेटचा हिरा लंडनच्या लोकांना फिका वाटला, म्हणून १८५२ मध्ये तो पुन्हा पाडला आणि १०५.६ कॅरेटवर आणला. चमक आली, जवळजवळ निम्मा हिरा गेला.

कुंदन म्हणजे नेमकं काय? सराफ तर कशालाही कुंदन म्हणतो.

सराफ्यात हल्ली काचेच्या खड्यांच्या नकली सेटलाही कुंदन म्हणतात, ते सोडा. मूळ शब्द शुद्ध सोन्याचा. दागिन्याची पोकळी लाखेने भरतात, लाख गरम करून तिच्यात खड्याची बैठक करतात, डाक ठेवतात, वर खडा बसवतात. मग २४ कॅरेट सोनं ठोकून ठोकून काढलेली मऊ पट्टी खड्याच्या कडेने सळईने दाबत जातात. इतकं शुद्ध सोनं दाबल्यावर स्वतःलाच चिकटतं. उष्णता नको, डाग म्हणजे झाळकाम नको, खडा धरणारी नखं नकोत. म्हणून खड्याच्या कडेला टोचणारी पकड दिसली तर ती घडण पाश्चात्य धाटणीची किंवा नंतर दुरुस्त केलेली समजा.

दागिन्याची मागची बाजू बघायला का सांगतात?

कारण मीनाकारी तिथेच असते. हिरव्या-लाल-पांढऱ्या मिन्यात फुलं, पोपट, वेली, आणि तो भाग घालणाऱ्याच्या अंगाला लागणारा, कुणाला न दिसणारा. काही शोकेसमध्ये खाली आरसा ठेवलेला असतो, तो शोधा. आरसा नसेल तर गुडघ्यावर बसा, खालच्या कोनातून निदान कड दिसते. ज्या मिन्याचा कपचा उडालेला आहे तिथे धातूत कोरलेली रेघ उघडी पडते. दुरुस्त न केलेला असा नग जास्त शिकवतो.

पाटीवर ‘स्पिनेल’ लिहिलं होतं. ते माणिकच ना?

नाही. मराठीत लालडी, फारसीत लाल. माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, लालडीत त्याबरोबर मॅग्नेशियमही असतं. दोघांनाही तांबडा रंग मुख्यतः क्रोमियमच देतं, म्हणून युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत घोटाळा होता. ब्रिटिश राजमुकुटातला ‘ब्लॅक प्रिन्सचा माणिक’ आणि त्याच राजघराण्याच्या एका हारातला ‘तैमूरचा माणिक’ या दोन्ही लालड्या आहेत. मुघल मात्र लालडीला कमी लेखत नसत. बदख्शानच्या मोठ्या लालडीवर बादशहाचं नाव कोरून घ्यायचे.

काचेबाहेरून ओळखायचं तर आकार बघा. पैलू न पाडता नुसता गुळगुळीत घासलेला, चिंचोक्यासारखा वेडावाकडा, मोठा, गुलाबीकडे झुकणारा आणि मधून भोक असलेला दगड बहुधा लालडीच. ब्रह्मदेशी माणिक सहसा लहान आणि रंगाने गडद असतो.

पाचूत तर तडे दिसतात. खराब झालाय का?

नाही. जाळी, म्हणजे हे बारीक तडे, नसलेला मोठा पाचू दिसला तर उलट शंका घ्यावी. मुघल आणि निजामी दागिन्यांतले बहुतेक मोठे पाचू कोलंबियाचे, स्पॅनिश-पोर्तुगीज व्यापाऱ्यांमार्फत गोव्यावरून आलेले. जाळीत तेल मुरवायची पद्धत जुनी आहे. तीव्र दिव्याच्या उष्णतेने ते सुकलं तर जाळी पांढरी दिसायला लागते.

दालनात इतका अंधार का? आम्हाला चष्मा लावूनही दिसत नाही.

हिऱ्याला उजेडाने काही होत नाही. होतं ते रेशमाच्या गोफाला, मखमलीला, कलगीच्या पिसांना. पटव्याने ओवलेला मूळचा लाल-सोनेरी गोफ काही वर्षांच्या झगझगीत उजेडात विटून कुजतो, म्हणून अशा वस्तूंपाशी ५० लक्सच्या आसपासच उजेड ठेवतात. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे सरावायला पाच ते दहा मिनिटं लागतात. तोवर बाहेरच्या पाट्या वाचा. वाचायचा चष्मा नक्की न्या. बायफोकलच्या खालच्या भागातून बघायला मान वर करावी लागते आणि नेमका दिव्याचा परावर्तित झोत डोळ्यात येतो.

भिंग न्यावं का?

सराफाचं १० पटीचं भिंग दगडापासून अडीच सेंटिमीटरवर धरावं लागतं. मध्ये काच आणि वीतभर अंतर, त्यामुळे ते खिशातच राहतं. त्याऐवजी अर्ध्या मीटरवरचंही स्पष्ट दाखवणारी ६ किंवा ८ पटीची छोटी एकनळी दुर्बीण न्या. साधी, पक्षी बघायची दुर्बीण दोन-तीन मीटरच्या आतलं दाखवत नाही, विकत घेण्याआधी दुकानातच तपासा. आणि कपडे गडद रंगाचे घाला. पांढरा सदरा काचेत उमटतो आणि तुम्हाला दागिन्याऐवजी स्वतःचं पोट दिसतं.

फोटो काढू देतात का?

प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा. जिथे काढू देतात तिथेही फ्लॅश बंद. मोबाइलची कड काचेला जवळजवळ टेकवून धरली की परावर्तन जातं. पण आधी पाटीचा फोटो, मग वस्तूचा. उलट केलं तर घरी आल्यावर कोणता शिरपेच कुणाचा ते कळत नाही.

कॅरेट आणि तोळा यांचा मेळ कसा घालायचा?

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. जेकब हिरा त्यामुळे ३७ ग्रॅमला किंचित कमी, म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या जुन्या तोळ्याने तीन तोळ्यांच्या थोडा वर. सराफ्यात आता १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. ‘२२ कॅरेट सोनं’ यातला कॅरेट वजनाचा नाही, शुद्धतेचा. जुन्या पाट्यांवरचा कॅरेट आजच्यापेक्षा थोडा जड होता, म्हणून एकाच हिऱ्याची दोन वजनं दिसतात.

वैरागडला हिरे सापडायचे हे खरं का?

खरं. गडचिरोली जिल्ह्यात आरमोरीजवळचं हेच वैरागड, खोब्रागडी नदीकाठचं. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख ‘आईन-ए-अकबरी’त आहे. आज तिथे किल्ला बघायला मिळतो, खाण नाही. पावसाळ्यात नदीत खडे शोधायला जाणाऱ्यांना आजवर गारगोट्याच मिळाल्या आहेत.

मुलाकडे लंडनला जातोय. कोहिनूर बघण्याआधी काय माहीत असावं?

टॉवर ऑफ लंडनमध्ये मुकुटांसमोर सरकता पट्टा आहे, त्यावर उभं राहिलं की काही सेकंदांत पुढे नेतो. गर्दी नसेल तर मागे वळून पुन्हा चढता येतं. पहिल्या फेरीत फक्त कोहिनूरची जागा हेरा. तो राणी एलिझाबेथच्या आईच्या मुकुटात, समोरच्या क्रॉसमध्ये आहे. दुसऱ्या फेरीत दुसरं काही बघू नका. फोटोला बंदी आहे.

सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे, मुलं लहान आहेत. झेपेल का?

सासूबाईंसाठी प्रवेशद्वारावरच चाकाची खुर्ची मागा, पण बसल्यावर शोकेस डोळ्यांच्या वर जातात हे लक्षात ठेवा. ज्या दोन-तीन वस्तू बघायच्याच आहेत तिथे त्यांना उभं करा, बाकी ठिकाणी बाकावर बसू द्या. तन्मणी, चिंचपेटी, वज्रटीक, लफ्फा, बुगडी ही नावं त्यांना पाटीपेक्षा जास्त माहीत असतात. मुलांना मोती मोजायला द्या. मोत्यांच्या एखाद्या मोठ्या हारापुढे पोरगं वीस मिनिटं हलत नाही.

घरचा जुना जडावाचा दागिना संग्रहालयात दाखवून किंमत काढता येते का?

नाही. संग्रहालयातले अधिकारी किंमत सांगत नाहीत आणि असा दागिना पिशवीत घालून सुरक्षा तपासणीतून नेणं म्हणजे नसती भानगड. खडे तपासायचे तर रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेचा दाखला घ्या. इतवारीच्या सराफा ओळीत नेलात तर ‘वजन करा’ म्हणण्याआधी ‘आत लाख किती’ ते विचारा. जडावाच्या दागिन्याचं तराजूवरचं वजन म्हणजे सोन्याचं वजन नव्हे. आणि सफाईच्या यंत्रात किंवा साबणाच्या पाण्यात तो अजिबात बुडवू देऊ नका. पाणी लाखेपर्यंत पोचलं की डाक काळी पडते, आणि ती बदलायची तर खडा उकलून नव्याने बसवावा लागतो. कोरड्या जुन्या मलमलने पुसा, प्रत्येक नग वेगळ्या फडक्यात गुंडाळा. मोत्यांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि अत्तर लावून झाल्यावरच मोती गळ्यात घाला.